हवा राह्यली

पारडीच्या पुलाखाली, मे महिन्यातली दुपार.
होस नवा, रॅकचे सील नवे,
लाल तेल खुणेपर्यंत भरलेलं,
तरी चावी फिरवताच पंप असा कण्हला
की पलीकडच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली.
"हवा राह्यली," खेमराजदादा म्हणाला
तेलाच्या डब्याला. मला नाही.

मग जॅक लावला. पुढची दोन्ही चाकं
जमिनीपासून वीतभर वर. इंजिन बंद.
मी सीटवर, एक पाय दाराबाहेर,
मध्ये उघडं बॉनेट,
त्याचं तोंड दिसत नाही, फक्त आवाज:
डावीकडे. पूर्ण.
आता उजवीकडे. हळू बे, काहून घाई करतं?

तीन वर्षांत माझ्याशी बोललेले
हे त्याचे पहिले शब्द.

डावीकडे. उजवीकडे.
गाडी कुठेच जात नाही,
चाकं नुसती हवेत मान हलवतात.
तेल फेसाळून गुलाबी पडलंय,
लग्नातल्या पातळ सरबतासारखं.
बुडबुडा येतो, फुटतो. दुसरा येतो.
तो थेंबथेंब तेल ओततो, वाकून पाहतो.

आठव्या की नवव्या फेरीला
हातांना काहीतरी आठवलं.
तांडापेठेत बाबांच्या मागावर धोटा असाच जायचा
या काठापासून त्या काठापर्यंत,
आणि काठाशी मी घाई केली की सूत तुटायचं,
गाठ मारायला दादाच यायचा.

तो माग आम्ही विकला.
म्हणजे मी विकला,
दादा भंडाऱ्याला कुणाच्या गिअरबॉक्सखाली असताना.
लाकूड वेगळं, लोखंड वेगळं, किलोच्या भावानं.

"आता चालू कर."
पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे.
"टोकाले धरून ठेवू नको, पंप जळते."
कण्हणं बारीक झालं,
गेलं नाही.
"बंद कर. बसू दे अर्धा घंटा."

अर्धा तास आम्ही बसलो.
तो उलट्या रंगाच्या डब्यावर, मी तसाच सीटवर.
चहा आला, दोन कट.
पुलावरून ट्रक गेले की बशी वाजायची.

मग तो उठला, "फडकं कुठाय?"
आणि मी सांगायच्या आत
माझ्या गुडघ्यांवरून हात घालून
त्यानंच समोरचा कप्पा उघडला.
फडक्याखाली पाकीट,
त्यावर त्याचं नाव, माझ्या अक्षरात,
कडा उन्हानं पिवळ्या पडलेल्या.

त्यानं फडकं घेतलं.
एकेक बोट पुसलं, नखांपर्यंत.
फडकं घडी करून पाकिटावर ठेवलं,
कप्पा लावला.

जॅक उतरला, चाकांवर वजन आलं.
स्टिअरिंग एका बोटानं फिरलं.
"थोडा आवाज राहीन दोन-चार दिवस," तो म्हणाला,
आता माझ्याकडे पाहून,
"सोमवारी येजो. तेल पाहाले."