गरम झाल्यावर

सकाळी ती पहिल्याच सेल्फला उठते.
चोक थोडा ओढावा लागतो, एवढंच.
होटगी रोडला जाऊन येते, कुरकुर नाही.
दुपारी एकनंतर मात्र
अठ्ठ्याऐंशीची ही फियाट, मोतिया रंगाची,
चार-पाच किलोमीटर गेली की
आधी एक उचकी, मग दुसरी,
मग नुसता टायरांचा आवाज.

तीन मिस्त्री झाले.
एकानं कार्बोरेटर धुतला,
एकानं पंप बदलला,
तिसरा म्हणाला, विका.
तिघांनीही ती थंड असताना पाहिली.
तिघांसमोर ती गुणी चालली
आणि खोटा ठरलो मी.

लालसाब नदाफांनी बॉनेटच उघडलं नाही.
विचारलं, बंद पडल्यावर किती वेळानं चालू होती?
वीस मिनिटांनी.
घड्याळ लावून?
नाही. एक चहा, आणि पेपर वाचत
छोट्या जाहिरातींपर्यंत.
ते हसले नाहीत. खडूनं भिंतीवर लिहिलं: २०.
सकाळची ठिणगी तेवढी बघून ठेवली, निळी, कडक.
"थंड गाडी खोटं बोलतीय साहेब.
तापू द्या. पडंल तिथंच बघू."

मग मेच्या एका दुपारी, त्रेचाळीस अंशांत,
पाहुण्याला स्टँडवर आणायला जावं तसे
आम्ही दोघं बिघाडाला आणायला निघालो.
त्यांच्या मांडीवर पाने, पाण्याचा कॅन, ओला पंचा.
अशोक चौक झाला, अक्कलकोट रोडची एमआयडीसी झाली,
टॉवेलांचे गठ्ठे लादलेला टेम्पो दोनदा मागं टाकला.
पडेना.
मला लाज वाटायला लागली.
मनात म्हणालो, पड ना गं.
नऊ वर्षांत तिच्याकडे हे पहिल्यांदाच मागितलं.

सात रस्त्याला पडली.
सात वाटा, आणि आम्हाला एकही नाही.
रिक्षावाल्यांच्या शिव्या खात
लिंबाखाली ढकलली.

पंचा पंपावर टाकला. थांबले. चावी. नाही.
पाइप सोडून सेल्फ मारायला लावला,
बाटलीत पेट्रोल पिचकारीसारखं आलं.
"तहान नाही हिला."
प्लगची वायर इंजिनाजवळ धरली.
निळी नाही. पिवळीसुद्धा नाही.
शर्टाच्या खिशातला कंडेन्सर लावून पाहिला. नाही.
मग कॉइलवर तळहात टेकवला
आणि तव्यावरून घ्यावा तसा चटकन मागं घेतला.
काही बोलले नाहीत.
पंचा तिच्याभोवती गुंडाळला, प्यायचं पाणी ओतलं.
सहाव्या मिनिटाला
निळी.

जुनी कॉइल मी मागून घेतली.
घरी करवतीनं कापली. तेल सांडलं, फरशीला डाग पडला.
कागदाच्या घड्यांत
केसाहून बारीक तार, हजारो फेरे.
पद्मजा लहानपणी आईशेजारी बसून कांड्या भरायची.
चष्मा लावून ती तार बघत बसली.
म्हणाली, आत कुठंतरी तुटलंय.
गार असताना टोकाला टोक टेकत असणार,
तापलं की फुगून सुटत असणार.
मी म्हणालो, हे लालसाबनी सांगितलं?
म्हणाली, तार आहे. गुंडाळलेली आहे.
मला कशाला कुणी सांगायला पाहिजे?
तिनं ते तुटलेलं ठिकाण शोधलं,
दोन रविवार, बोटांना तेल लागेपर्यंत.
सापडलं नाही.
उलगडलेली तार एका चपलांच्या खोक्यात आहे,
टाकवत नाही.

लालसाबनी कॉइलचे पैसे घेतले, बघण्याचे नाही.
भिंतीवरचे वीस अजून तसेच आहेत,
शेजारी दुसऱ्या कुणाचे तरी पस्तीस.

गाडी आता भर उन्हात हिप्परग्यापर्यंत जाते.
सात रस्त्यावरून परवा न थांबता चाललो होतो,
सिग्नलला टपरीवाल्यानं ओळखलं, वाकून विचारलं,
"काय साहेब, राग आला का आमच्या चहाचा?"