रायलादेवीचं पाणी

बाबा धागे मोजायचे.
वागळे इस्टेटमधल्या कापडाच्या कारखान्यात,
पितळी घडीच्या भिंगाखाली, सुईच्या टोकाने:
एका इंचात उभे किती, आडवे किती.
चुकार धागा दिसला की खडूची फुली.
तेहेतीस वर्षं, एकेक इंच.

कारखाना बंद झाला तेव्हा
फंडाचे पैसे मिळाले, भिंतीवरचं घड्याळ मिळालं,
आणि भिंग
त्यांनी परत केलंच नाही.

मी नववीत होते. विज्ञानाच्या पुस्तकात
लेव्हेनहूकवर अडीच ओळी,
त्या मी घोकत होते:
डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी...
बाबांनी पंखा बंद केला.
"कापडाचा? पुन्हा वाच."

मग वाचनालयातून जाड पुस्तक आलं.
त्याला लॅटिन येत नव्हतं.
लंडनच्या विद्वानांना पन्नास वर्षं पत्रं लिहिली
ती आपल्या डचमध्येच.
"म्हणजे मराठी मीडियम," बाबा म्हणाले.

मिरी तिखट का, म्हणून त्याने मिरी भिजत घातली.
वाटलं, दाण्याला बारीक काटे असतील,
तेच जिभेला टोचत असतील.
तीन आठवड्यांनी पाण्यात काटे नव्हते,
वळवळ होती.
"मिरी आपल्याच किनाऱ्याची असणार," बाबा म्हणाले,
जणू अर्धा शोध आमच्या नावावर.

गॅसवर काचेची नळी तापवून त्यांनी ओढली,
तार झाली. तारेचं टोक पुन्हा जाळात:
मोहरीएवढा थेंब.
अकरा मणी धुरकट निघाले.
बारावा बसवला
तिळगुळाच्या डब्याच्या झाकणात, खिळ्याने भोक पाडून.
आई ते झाकण अजून शोधते आहे.

रायलादेवी तलावाचं पाणी, लोणच्याच्या बाटलीत.
खिडकीकडे तोंड करून बाबा कितीतरी वेळ गप्प.
हिरवे दोर, दोरात नागमोडी फीत.
"वीण एकसारखी आहे," ते म्हणाले,
"पहिल्या प्रतीचा माल."
तेवढ्यात काहीतरी
त्या विणीतून आडवं पळालं,
आणि त्यांचा हात खिशात गेला,
खडू शोधत.

लंडनचा विश्वास बसेना, तेव्हा त्याने
पाद्री बोलावले, साक्षी घेतल्या.
बाबांनी जिन्यातून हाका मारल्या.
अब्बास टेलर आले, म्हणाले, "या अल्ला."
केबलवाला प्रवीण दोनदा बघून गेला.
फर्नांडिसबाईंना फक्त स्वतःच्या पापण्या दिसल्या.
आईने पाहिलं, बोलली नाही.
दुसऱ्या दिवसापासून पाणी दोनदा उकळायला लागली.

आता जाड पुस्तकातलं एकच पान मी काढते.
त्याची पाच मुलं, चार लहानपणीच गेली.
उरली मारिया.
तो नव्वद वर्षं जगला, ती घर बघत राहिली,
मागे भिंगं सांभाळली, थडग्यावर दगड बसवला.
कधी दुपारी, तो झोपलेला असताना,
एखादं भिंग उचलून तिने उजेडाकडे धरलं का,
कुणी लिहून ठेवलेलं नाही.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
ऑपरेशनची तारीख ते पुढे ढकलतात.
रविवारी मी बाटली भरून आणते,
झाकण डोळ्याला लावते.
"आडवे किती?" ते खुर्चीतून विचारतात.
हलतंय, बाबा, थांबा.
"मोज."
मी मोजते.
चुकले तर पुन्हा पहिल्यापासून.