मापाची चिठ्ठी

मार्केट यार्डात गुळाचे सौदे संपले
की अडतीच्या गादीवर मी आणि पंखा.
वाया गेलेल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर
रोज पाच शब्द. परीक्षा मार्चात होती.

टॅसिटर्न.
डिक्शनरी म्हणाली, मितभाषी.
आता मितभाषी म्हणजे कसा, ते
आप्पासो मगदूम मापाड्यांना विचारलं,
तर त्यांनी तंबाखू गालात सरकवली
आणि नुसतं बोट दाखवलं
रव्यांच्या थप्पीकडं,
जिथं सिदराम हमाल
सकाळपासून एक अक्षर न बोलता
तीस-तीस किलो पाठीवर घेत होता.
बरं. लिहून टाकलं : सिदराम.

मग हात बसला.
गॅर्युलस : चहावाली कमळाक्का.
ऑब्स्टिनेट : मालकांची स्कूटर, पावसाळ्यात.
इफेमरल : काकवीवरचा फेस,
बोट लावेपर्यंतचा.
मॅग्नॅनिमसला मात्र अख्ख्या शाहूपुरीत
कुणी सापडेना.
जागा कोरी ठेवली.

एका संध्याकाळी चिठ्ठी उडाली
ती सिदरामच्या पायाशी.
त्यानं उचलली, लांब धरली,
अक्षर अक्षर जुळवत राहिला.
म्हणाला,
"ताई, ह्यात माझं नाव हाय न्हवं?
मग वजन किती लावलंय?"

मला ना मराठीत सुचलं, ना इंग्रजीत.
त्यानं चिठ्ठी झटकून, घडी न मोडता
गादीवर ठेवली. वर माप ठेवलं,
पुन्हा उडू नये म्हणून.

गोकुळ शिरगावच्या सेंटरात
टॅसिटर्न खरंच आला.
चार पर्याय होते.
बरोबर तेच दाबलं मी,
आणि चुकल्यासारखं वाटत राहिलं
बस कावळा नाक्याला येईपर्यंत.