उपाशीपोटी

सकाळी साडेसहाला शटर वर करतो.
मिरज, स्टेशन रोड. बाकड्यावर आधीच माणसं,
चहासुद्धा न घेतलेली,
बाही वर करून बसलेली,
शाळेत छडी खायला उभी राहायची तशी.

फॉर्मवर एक रकाना आहे:
त्रास कधीपासून?
सगळे सांगतात, काल-परवापासनं.
मी तसंच लिहितो.
रकाना बोटाच्या पेराएवढा आहे.

अक्काताई मगदूम मंडईच्या कडेला
शेपू, चाकवत, आंबाडी विकतात.
पहाटे चारला निघतात, दिवे लागल्यावर घरी,
आणि मधे पाणी पीत नाहीत.
"प्यालं की जावं लागतंय. जायचं कुठं, सांग की."
बावीस वर्षं.
सोनोग्राफीवाल्यानं खडे मिलिमीटरमध्ये मोजले.
पाटीपासून संडासापर्यंतचं अंतर
कुणी मोजायला गेलं नाही.

नेमगोंडा चौगुले तासगावकडचा.
द्राक्षावर दावण्या पडला की दिवसातनं दोनदा पंप,
तोंडाला टॉवेल, पाय उघडे,
त्याच हातानं बांधावर भाकरी.
त्याला तो औषध म्हणतो.
आम्हीही आमच्याकडच्याला औषधच म्हणतो,
एका शब्दात दोन्ही बाटल्या.
त्याचा हात इतका कापतो
की शीर माझ्या बोटाखालून निसटते.
"थंडी हाय जरा," म्हणतो. एप्रिल महिना.

दस्तगीर हळदीच्या गोडाऊनात पॉलिशच्या ड्रमवर.
कापलं, खरचटलं की आपण हळद दाबतो,
याच्या आतच ती बसली आहे, थरावर थर.
खोकला की रुमाल पिवळा,
जसा लग्नघरात सगळ्यांचा असतो.

आणि एक पोरगी आली होती, सावळजची,
हिमोग्लोबिन सहा पूर्णांक दोन.
सासू म्हणाली, खाती की, सगळ्यांचं झाल्यावर.
त्या "झाल्यावर"मध्ये काय उरतं
हे यंत्राला कळतं. सासूलाही कळत असावं.
ती खिडकीबाहेर बघत होती.

पाऊस लागला की सांगली आयर्विन पुलाकडे बघते.
खांबावर आकडे रंगवलेत,
चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका.
बायका फोनवर विचारतात, किती झालं?
माणसात असा खांब नाही.
कुपवाडच्या रात्रपाळीत अर्धा फूट,
टाकी न धुता भरलेल्या पाण्यानं दोन बोटं,
पोराच्या नोकरीच्या काळजीनं, बिडीनं,
"बघू पुढच्या महिन्यात"नं.
चुलीपर्यंत पाणी आलेलं असतं
आणि माणूस म्हणतो, जरा दमल्यासारखं होतंय.

हे सगळं मला अठरा वर्षं दिसतंय.
उपाशी माणसांचं रक्त काढत
मी स्वतः अकरापर्यंत उपाशी,
मग भडंगाची पुडी, फरसाण, संध्याकाळपर्यंत नऊ चहा,
रात्री दोनपर्यंत मोबाईल.
पायाला मुंग्या येतात, म्हटलं खुर्ची लहान आहे.
रात्री चारदा उठतो, म्हटलं वय.
पेशंटनं असं सांगितलं असतं
तर मी मान वर न करता साखर लिहिली असती.

मंगळवारी विजयमालानं माझ्या पुढ्यात फॉर्म सरकवला.
गेली सहा वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलावर,
फार बोलत नाही.
नाव लिहिलं. वय लिहिलं, दोन वर्षं कमी.
त्रास कधीपासून?
लिहिलं: कालपासून.

पेन तिथंच थांबलं.
मग ते खोडलं आणि कागद उलटा केला.
मागची बाजू पूर्ण कोरी असते.
हजारो फॉर्म हातातून गेले,
मी ती कधी बघितली नव्हती.
वरच्या कोपऱ्यात लिहिलं,
वडील गेले त्या वर्षी दुकान उशिरापर्यंत

"पुढचं नंतर लिवा," विजयमाला म्हणाली,
"रांग वाढलीय. बाही वर करा."