गाळलेल्या जागा भरा

अशोक चौकाच्या मागे, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
संध्याकाळी साडेसहाला माझा क्लास भरतो.
खाली ज्वारी दळली जाते, वर इंग्रजी.
दोन्हींचा भुगा केसांत बसतो.

आज फळ्यावर एकाच घरातले शब्द होते :
चूज, सिलेक्ट, पिक, ऑप्ट, प्रिफर, इलेक्ट.
सगळ्यांपुढे मी आधी 'निवडणे' लिहिलं
आणि खडू खाली ठेवताना वाटलं, ही फसवणूक आहे.
आपण मेथीही निवडतो आणि आमदारही,
मेथीतली कीड निदान उजेडात धरली की दिसते.
पोरं हसली. मला बरं वाटलं.

पिक म्हणजे चिमटीनं, म्हणाले,
डोक्यातली ऊ, झाडावरचं बोर, शेजारणीशी भांडण.
सिलेक्ट जरा इस्त्रीचा शब्द,
नव्या पेठेत साडीच्या दुकानावर पाटी होऊन बसलाय.
त्याला रांग लागते, मांडणी लागते,
आणि 'पुढची दाखवा' म्हणणारं कुणीतरी.
(मलाही एकदा सिलेक्ट केलं होतं विजापूर रोडच्या एका बैठकीत,
सुईत दोरा ओवून घेतला, चालून दाखव म्हणाले.
हे मुलांना सांगितलं नाही.)
ऑप्ट करायचं तर पर्याय दुसऱ्यानं मांडलेले असतात,
सायन्स की कॉमर्स, आणि आर्ट्सचे फॉर्म संपले
असं खिडकीतून सांगतात.
प्रिफर म्हणजे मिळणं नव्हे.
मी कमी साखरेचा चहा प्रिफर करते
आणि बावीस वर्षं पाक पिते,
व्याकरणाच्या दृष्टीनं हे वाक्य निर्दोष आहे.

इलेक्टवर यायच्या आत
वनजा गुंडेटीनं हात वर केला.
"मॅडम, कारखान्यात चेकर बिडी दाबून बघतो,
सैल लागली की बाजूला फेकतो.
आई त्याला छाट म्हणते.
छाटीचे पैसे नाहीत, पान आणि तंबाखू मात्र हिशेबात धरतात.
त्याला यातलं काय म्हणायचं?"

सहाही शब्द फळ्यावर
पंगतीत वाढपी विसरल्यासारखे बसून राहिले.
रिजेक्ट, मी म्हणाले.
"ते चेकरचं झालं, मॅडम.
आईनं तर एकेक पान बघून घेतलं होतं."

तेवढ्यात खाली गिरणी थांबली.
जिन्यात मल्लव्वा सूप घेऊन बसली होती,
गिरणीवाल्याची सासू, अक्कलकोटकडची.
डाळ निवडताना ती नातीला ओरडते : ब्याळी आरिसु.
आणि रात्री मी कुलूप लावायला लागले
की खोलीतल्या ट्यूबकडे बोट करून : दीपा आरिसु.
डाळ निवड. दिवा मालव.
तिच्या कानडीत दोन्हींना एकच क्रियापद.
अकरा वर्षं ऐकतेय,
आज पहिल्यांदा ऐकू आलं.

पोरांना हे कसं शिकवू?
परीक्षेत कानडी विचारत नाहीत.
म्हटलं, चूज वापरून एकेक वाक्य लिहा, भूतकाळात,
आणि लक्षात ठेवा, भूतकाळात गेलं
की चूजमधला एक ओ गळतो.
का गळतो ते मलाही माहीत नाही.

रात्री वह्या तपासल्या.
कुणी निळा शर्ट चूज केला होता, कुणी कॅप्टन.
वनजानं लिहिलं होतं,
काल माझ्या आईनं हजार पानं चूज केली,
आणि दोन्ही ओ तसेच ठेवले होते,
एकही फेकवला नव्हता तिच्यानं.

मी लाल पेन उचललं.
मार्चमध्ये परीक्षा आहे, इलाज नव्हता.
एक ओ छाटला.
रेघेखाली तो गोल अजून दिसतोय,
सैल वळलेल्या बिडीच्या तोंडासारखा.