इशारा पातळी

बाटली अजून कुठंच नाही.
फक्त गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर
फेसाळ ग्लास पुढं करत गवळी म्हणाला,
"चार दिस झालं, दिसला न्हाईसा?"
मी म्हणालो, काम होतं.
काम नव्हतं.

दाढी वाढलीय.
गोळ्यांच्या डबीत बुध, गुरू तसेच पडून.
शिरोलीहून येताना मोटरसायकल
आपणहून व्हीनस कॉर्नरला वळते,
जवळ पडतं म्हणून.
जवळ पडत नाही.
काल रंजना मीठ जास्त झालं म्हणाली,
स्वतःच्याच आमटीला,
आणि मी रात्रभर
तिचे नऊ वर्षांचे अपराध मोजत बसलो.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी एकोणचाळीस फुटांना टेकलं
की चिखलीत कुणी रडत बसत नाही.
गाद्या माळ्यावर जातात,
म्हशींची दावी सुटतात.
त्रेचाळीसची वाट बघत बसलेला माणूस
मी एकदा पाहिलाय. आरशात.

म्हणून आत्ताच, ग्लास अर्धा असताना,
मिशीवर फेस तसाच,
इलाहीमामाला फोन लावला.
"प्यालास?"
"न्हाई."
"मग?"
"पाणी वाढाय लागलंय, मामा."
पलीकडं जरा वेळ काहीच नाही.
मग चपलेची करकर.
"थांब तिथंच. आलो."