चार वेळा बोट

रात्रीत कुणीतरी शाळेच्या दारात
चेहरे ओतून गेलं,
ओंजळीने नाही, पोत्यांनी.
पहाटे साडेचारला मी नि देजानीरा मादुरेराच्या त्या गल्लीत पोचलो
तेव्हा रिओचे महापौर होऊ पाहणारे सगळे
दवाने भिजून फरशीला चिकटले होते,
दात दाखवत.

ओला कागद झाडूला दाद देत नाही.
नखाने सोडवावा लागतो.
मी एकाचा कान सोडवला, मग गाल.
त्याच्याखाली दुसरा,
दुसऱ्याखाली ती पूल बांधणारी,
जी मागच्या खेपेला पाणी आणणार होती.
देजानीरा म्हणाली, बघ,
इथे तरी कसे गुण्यागोविंदाने पडलेत.

चार वर्षांमागे याच पायरीवर
म्हातारे आर्लिंदू अशाच एका हसण्यावरून घसरले.
खुब्याचं हाड मोडलं.
कागदावरचा निवडून आला.
आर्लिंदू अंथरुणातून सांगायचे,
माझा त्याच्याशी प्रत्यक्ष संबंध आलाय.

सात पोती भरली. आठवं अर्धं.
नारिंगी गणवेश बदलायला वेळ नव्हता,
तशीच रांगेत उभी राहिले.
पुढचा माणूस जरा सरकला,
वासामुळे की आदरामुळे,
विचारलं नाही.

टेबलामागे सिल्वानीची मुलगी,
यंदा पहिल्यांदाच ड्युटीवर, केस घट्ट बांधलेले.
बोट ठेवा, म्हणाली.
यंत्र नाही म्हणालं.
पुसून ठेवा. नाही.
दुसरं ठेवा. नाही.
मी फुंकर मारली, पँटला घासलं,
चौथ्यांदाही नाहीच.
एकोणीस वर्षं ब्लीच आणि दांडा.
तिथे आता रेघ म्हणून उरली नाही,
ओढ्यातला गोटा बरा.

माझी आई अंगठेबहाद्दर.
तिचा अंगठा असा लख्ख उमटायचा
की दुकानदार उधारीची वही तिरकी धरून बघत राहायचा.
पण लिहिता येत नाही त्याला मत नाही,
असा कायदा होता तेव्हा.
तो बदलला त्या नोव्हेंबरात
ती देवळात जायचे बूट घालून गेली
आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलली नाही.
कुणाला दिलंस, एवढंच तर विचारलं होतं बाबांनी.

मला लिहितावाचता येतं. अंगठा तेवढा गेला.
आमच्या घरात एका वेळी एकच गोष्ट टिकते.

रांग चुळबुळायला लागली.
पोरीने नियमांचं पुस्तक उलटलं
आणि मान वर न करता विचारलं,
जन्मसाल?
मी सांगितलं, इतक्या मोठ्याने
की मागच्यांनी मनात वय मोजून घेतलं.
मग सही. पूर्ण नाव,
जोसेलीता दास नेव्हिस कार्व्हाल्यो.
रकान्यात मावलं नाही, शेजारच्याच्या घरात शिरलं.

पुठ्ठ्याच्या आडोशाला
तळहातावर लिहून आणलेले आकडे घामाने पसरलेले.
नगरसेवकाचे पाच, महापौराचे दोन.
पडद्यावर चेहरा आला, कोरडा.
ज्याचा कान सोडवला त्याचा नव्हे,
पूलवालीचाही नव्हे,
इतकंच सांगते.
हिरवं बटण बोट बघत नाही.
दाबलं की किणकिणतं, माझंही किणकिणलं.

बाहेर आले तर वाऱ्याने
पलीकडच्या गल्लीतले चेहरे इकडे आणलेले,
आणि देजानीरा कमरेवर हात ठेवून
एका छातीवर बिल्ला लावलेल्या पोराला ओरडत होती,
अरे, आत्ताच झाडलाय फुटपाथ!
मी आठवं पोतं उघडलं.